झाकण

ह्या वस्तूला मराठीत शब्द नाही.
ऋजुता फोनवर म्हणाली, "कव्हर-अप गं, आई."
मी म्हटलं, म्हणजे झाकण?
ती इतकी हसली
की ऑस्टिनमध्ये कुठेतरी कप लवंडल्याचं ऐकू आलं.

तीन आठवडे शोधत होते.
पांढरं, क्रोशाचं, नुसती भोकं, एकशेदहा डॉलर,
त्यातून मी दिसत होते
चाळणीत अडकलेल्या कोंड्यासारखी.
काळं घातलं तर थेट कोर्टात उभी राहीन असं.
मोरांचा कफ्तान चांगला होता,
पण त्यात आणखी दोन बायका मावल्या असत्या,
आणि मला सोबत नको होती.

"कुठलंही घे," दिगंबर म्हणाला.
हा माणूस नावाला जागून
घरात बनियनसुद्धा घालत नाही.
त्याला काय विचारायचं.

शेवटी गॅल्व्हस्टनला, सीवॉलवरच्या दुकानात,
बोटीवर चढायला दोन तास उरलेले,
डार्लीन नावाची बाई, असेल माझ्याच वयाची,
गळ्यात साखळीचा चष्मा, हातांवर उन्हाचे तांबूस डाग,
तिने विचारलं, नेमकं काय झाकायचंय?

इतकं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं.
मांड्या, म्हटलं.
मग दंड.
मग पोटावरची शिवण,
ऋजुताच्या वेळची, चौतीस वर्षांची.
मग मीच थांबले. यादी लांबत होती
आणि तेवढं कापड त्या दुकानात नव्हतं.

तिने एक निळा तुकडा काढला. ना बाही, ना बटण.
पातळ.
दोन्ही अर्थांनी पातळ.
गाठ कशी मारायची ते ती दाखवायला लागली,
मी हातातून घेतलं, चार निऱ्या केल्या, खोचलं.
"हे कुठे शिकलात?"
आता तिला काय सांगू, कुठून सुरू करू.

बोट सुटलीच नाही.
फेब्रुवारीतलं धुकं, कप्तान माफी मागत होता,
वाट दाखवणारा पायलट यायला तयार नव्हता.
समोरचं पेलिकन आयलंड पुसलं गेलं,
मग धक्का, मग क्रेन,
मग डेकवरचे लोक, कमरेपासून वर, कमरेपासून खाली.
कुबडी घेतलेली एक आजी बिकिनीत हॉटडॉग खात होती,
तीही अर्धीच दिसली. अर्धीसुद्धा मजेत होती.

मी पातळ सोडलं.
खुर्चीला गाठ मारून ठेवलं, वारा नव्हता तरी.

पाणी कोमट.
पलूसच्या विहिरीचं असं नसायचं, ते दातांत शिरायचं.
पाठीला भोपळा, परकराचा काचा,
दगडी पायरीवरून उडी, आणि वर काकाचे शिट्टीसारखे शब्द.
बाराव्या वर्षी आत्या म्हणाली, आता पुरे.
झाकली मूठ सव्वा लाखाची.
ती मूठ मी इतकी वर्षं वळून धरली
की आत काही होतं का, तेही तपासलं नाही.

मला पोहता येतं
हे दिगंबरला माहीत नव्हतं.
छत्तीस वर्षांत विषय निघाला नाही.

एक फेरी. दुसरीला दम लागला, काठ धरला.
तिसरी उताणी, वरती काहीच नाही,
नुसतं पांढरं, आणि त्यात एक पेलिकन
चुकून आल्यासारखा, लगेच गेला.

पाचच्या सुमाराला धुकं विरलं.
भोंगा झाला. डेक हलल्यासारखा वाटला, मग खरंच हलला.
लोक एकमेकांना दिसायला लागले,
काहींनी पोटं आत घेतली. मीही घेतली, सवयीने.

खुर्चीवर पातळ नव्हतं.
शेजारच्या खुर्चीवर दिगंबर,
थंडी वाजली असणार, डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत निळा,
गाठ हनुवटीखाली, अगदी व्यवस्थित,
तोंड उघडं, घोरत.

जेवणाच्या हॉलच्या दारावर पाटी:
कव्हर-अपशिवाय प्रवेश नाही.
दारातल्या पोराने अदबीने विचारलं, मॅडम, तुमचं?
मी पाणी निथळत उभी.
बोट दाखवलं त्याला.
म्हटलं, तिकडे आहे.
झोपलंय.